भावी चिंतामुक्त बालिकेचे हार्दिक अभिनंदन

समाज किती पुढे गेला हे मोजण्याची अनेक साधने आहेत. दरडोई उत्पन्न, साखर कारखाने, दारातल्या दुचाक्या वगैरे. परंतु सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे त्या समाजातल्या लहान मुलांच्या पोटात किती वाजता दुखते, हे होय. मागासलेल्या काळी कोल्हापुरातल्या मुलांच्या पोटात दुपारी चारनंतर दुखत असे आणि त्याला कच्च्या चिंचा कारणीभूत असत. सन दोन हजार सहापर्यंत आपण ही वेळ पहाटे पाचवर आणली. कारण मात्र शिल्लक ठेवले नाही. डॉक्टर पोट दाबून बघतात, जीभ बघतात, ‘काही नाही’ म्हणतात आणि फी घेतात.

या विनाकारण दुखण्याला जाणकार लोक चिंता म्हणतात. आमच्या पेठेत ती कशी आली, तिच्यावर आमच्या तरुण मंडळाने (सरासरी वय एक्कावन्न) कोणते उपाय योजले आणि एका नामवंत कलावंताने त्या पवित्र कार्याला कसा हात लावला, याचा हा खरा वृत्तान्त आहे. मी मंडळाचा सहसचिव. सचिवपद रिकामे आहे. ते का रिकामे आहे हा विषय वेगळा आणि त्यावर मी बोलणार नाही.

आधी आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. कोल्हापुरात माणूस काही झाल्यावर त्याचे अभिनंदन करत नाहीत. झाल्यावर काय, कोणीही करतो. आमच्याकडे होण्याआधी करतात. चौकात डिजिटल बोर्ड लागतो, त्यावर ‘भावी’ असा शब्द येतो आणि माणूस त्या क्षणापासून कामाला लागतो. आमचे अध्यक्ष गणपतराव गेली अकरा वर्षे भावी नगरसेवक आहेत आणि त्या पदावरून त्यांना आजवर कोणी पाडू शकलेले नाही. (प्रत्यक्ष निवडणुकीत दोनदा पाडले आहे.)

त्याच पद्धतीला अनुसरून त्या वर्षी आम्ही चौकात दहा बाय पंधराचा बोर्ड लावला. ‘भावी शिष्यवृत्तीधारक, जिल्ह्यात प्रथम येणारी आमच्या पेठेची शान, कु. संघप्रिया अतुल कांबळे हिचे हार्दिक अभिनंदन!’ परीक्षेला चार महिने होते. संघप्रिया चौथीत होती. हुशार होती, यात वाद नाही. पाढे असे म्हणायची की ऐकणाऱ्याला आपला हिशेब तपासून पाहावासा वाटे. बोर्डावर तिचा फोटो वरच्या कोपऱ्यात, पासपोर्ट आकाराचा. मध्यभागी गणपतराव, कानाला मोबाईल लावून. उरलेल्या जागेत शुभेच्छुक. मी खालून दुसऱ्या ओळीत होतो, नेमका विजेच्या खांबाआड.

तिचे वडील अतुल कांबळे सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांच्या वडिलांनी हातकणंगल्याला रेल्वेच्या धक्क्यावर पोती उचलली. अतुलरावांना चौथीत शिष्यवृत्ती मिळाली, तिच्या जोरावर ते हायस्कुलात गेले आणि पुढे कचेरीतल्या खुर्चीपर्यंत आले. त्यामुळे पोरीला रोज पहाटे साडेपाचच्या क्लासला स्कूटरवरून सोडताना त्यांच्या मनात काय असे, ते मला समजते. त्यांची मी थट्टा करणार नाही. बाकीच्यांची करीन.

क्लासची वाट चौकातून जायची. बोर्ड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे संघप्रियाच्या पोटात दुखू लागले. (योगायोग.) आठवड्याने ती रात्रीची जागी राहू लागली. पंधरवड्याने तिने जेवणातून अंग काढून घेतले. दिवाळीच्या सुमारास एका रात्री तिने वडिलांना विचारले, “पप्पा, मी पयला न्हाय आलो तर बोर्ड कोण काढणार? आपुन का त्येनी?” (कोल्हापुरात मुलीही ‘आलो-गेलो’च म्हणतात. समतेच्या बाबतीत आम्ही फार पूर्वीपासून पुढे आहोत.)

अतुलराव दुसऱ्याच दिवशी मंडळात आले. चप्पल बाहेर काढून, हात जोडून.

“गणपतराव, तेवढा बोर्ड उतरवा की. पोरगी चौकातनं जायला भितीया.”

गणपतराव हळहळले. त्यांचे मन मोठे आहे, बोर्डावर दिसतेच. “कांबळेसाहेब, तुमच्यासाठी कायबी करीन. पर इचार करा. आज बोर्ड उतरला तर उद्या लोक काय म्हणतील? पोरगी नापास झाली म्हणतील! परीक्षेआधी नापास! हिकडं असलं कधी घडलंय?”

अतुलरावांनी जोडलेले हात खाली घेतले. या युक्तिवादात खोट काढता येत नाही. मी आजही प्रयत्न करून पाहतो. बोर्ड राहिला तर पोरगी घाबरते आणि बोर्ड काढला तर पोरगी नापास. तेव्हा बोर्ड तसाच ठेवून फक्त भीती काढावी, हाच एक मार्ग उरला. त्याच बैठकीत ‘बालचिंता निर्मूलन समिती, कोल्हापूर शहर व उपनगरे (कळंब्यासह)’ स्थापन झाली आणि चहा झाला.

समितीने प्रथम पाहणी केली. चौथीतल्या मुलांपैकी एकसष्ट टक्के चिंताग्रस्त, एकतीस टक्के अतिचिंताग्रस्त, उरलेली आठ टक्के क्लासला गेल्यामुळे भेटली नाहीत. (पाहणी माझ्या गल्लीत केली. गल्लीत चौथीची तेरा मुले आहेत. टक्केवारीचे काम सोपे नव्हते.) लगेच उपाययोजना म्हणून आम्ही ‘निर्भयता वर्ग’ काढला. तो शिष्यवृत्तीच्या क्लासआधी घेणे भाग होते, म्हणून वेळ पहाटे साडेचार ठेवली. महिन्याअखेर शंभर गुणांची लेखी परीक्षा. ‘पाल दिसल्यास तुम्ही काय कराल? (अ) ओरडाल (आ) पळाल (इ) आईला हाक माराल (ई) यांपैकी काही नाही.’ पहिल्या परीक्षेत चाळीस मुले निर्भयतेत नापास झाली आणि घरी जायला घाबरू लागली. पालकांनी फेरतपासणीचे अर्ज दिले. एक आई तर मला रस्त्यात अडवून म्हणाली, “सहसचिव, आमचं पोरगं कशालाच भीत न्हाय वं. फकस्त तुमच्या पेपरला भितंय. तेवढे गुण वाढवा की.” नियमात बसत नव्हते.

काम वाढले, तसे त्याला एखादा मोठा चेहरा हवा असे सर्वांचे मत पडले. हल्ली नुसते सत्कार्य करून भागत नाही. झाडे लावायची तर नट लागतो, रक्त द्यायचे तर नटी लागते आणि भूकंपग्रस्तांना चादरी वाटायच्या तर क्रिकेटपटू लागतो. नाहीतर चादरीला ऊबच येत नाही. आम्ही मुंबईच्या एका नायकाला फोन केला. त्याच्या माणसाने मुलांच्या चिंतेबद्दल फार आस्थेने चौकशी केली आणि मानधनाचा आकडा सांगितला. तो ऐकून गणपतरावांच्याच पोटात दुखले.

मग आम्हाला दादासो आठवले.

दादासो चौगुले म्हणजे मराठी चित्रपटातले आपल्या कोल्हापूरचे खलनायक. छत्तीस चित्रपट. त्यांतल्या एकोणीसमध्ये त्यांनी लहान मुले पळवली, बारांमध्ये विहिरीत टाकण्याची धमकी दिली, उरलेल्यांत मुले नव्हती. आता निवृत्त होऊन कळंब्याला चार म्हशी सांभाळतात. मानधन घेत नाहीत. मुलांची भीती घालवण्याच्या कार्याला याहून योग्य माणूस सापडणार नाही, हे आम्हाला एकमताने पटले, कारण दुसरा कोणी येत नव्हता.

आम्ही गेलो तेव्हा ते धार काढत होते. उद्देश ऐकून घेतला आणि बादली भरेपर्यंत धार काढली. शेवटी म्हणाले, “मी मंडईत गेलो की पोरं आईच्या पदराआड जात्यात. आयुष्यभर हेच. तुमच्या कार्यक्रमात पोरं माझ्याजवळ येतील म्हंता?”

“दोनशे येतील,” गणपतराव म्हणाले.

“दोनशे नगो. एक आलं तरी बास.”

हे ते इतक्या गरिबीने बोलले की मी ताबडतोब पत्रिका छापायला टाकली.

कार्यक्रमात प्रात्यक्षिक असावे, ही सूचना माझी. एक चिंताग्रस्त बालक मंचावर आणायचे, प्रमुख पाहुण्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, चिंता तिथल्या तिथे जायची, फोटो. बालकाच्या निवडीसाठी पालकांची झुंबड उडाली. “आमचा झोपेत गणितं सोडवतोय,” एक म्हणाला. “आमची झोपतच न्हाय,” दुसऱ्याने त्याला चीत केले. परंतु समितीने निःपक्षपातीपणे संघप्रियाला निवडले, कारण तिच्या पोटात काहीही झालेले नाही असे तीन डॉक्टरांनी लिहून दिले होते. दुसऱ्या कोणाकडे एवढा भक्कम पुरावा नव्हता. अतुलराव प्रथम नको म्हणाले. गणपतरावांनी त्यांना समजावले की पेपरात फोटो आला म्हणजे पोरगी धीट होईल. बापाला पोरगी बरी व्हायला हवी होती. तो काहीही ऐकण्याच्या स्थितीत होता.

पहिल्या बोर्डाशेजारी दुसरा बोर्ड लागला. ‘भावी चिंतामुक्त बालिका कु. संघप्रिया हिचे हार्दिक अभिनंदन!’ यात तिच्या शेजारी दादासोंचा जुना फोटो होता, डोळे वटारलेला. दुसरा मिळाला नाही. शिवाय तिने मंचावर चार पानांचे भाषण करायचे होते. विषय ‘माझी चिंता व तिचे समूळ निर्मूलन’. भाषण मी लिहिले. त्यात ‘मनोव्यापार’ हा शब्द सात वेळा आहे. ती तो रोज घोकू लागली आणि तिच्या पोटातले दुखणे पहाटे पाचवरून तीनवर आले. समितीने या प्रगतीची नोंद घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह खच्चून भरले. पुढच्या रांगांत दोनशे मुले, डोक्यावर कागदी टोप्या, टोपीवर ‘मी भीत नाही’. प्रथम दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, मग फेटे. दादासोंना फेटा, शाल आणि नारळ. गणपतरावांना फेटा. मला टोपी. (ती मी घातली.)

दादासो भाषणाला उभे राहिले. घरून वाक्य पाठ करून आले होते. “बाळांनो, भिऊ नका, मी बी तुमच्यासारखाच...” एवढ्यात मागून आवाज आला, “डायलॉग!”

आता कोल्हापुरात नट मंचावर आला आणि डायलॉग न म्हणता उतरला, असे आजवर झालेले नाही. सगळे नाट्यगृह ओरडू लागले. दादासोंनी गणपतरावांकडे पाहिले. गणपतरावांनी मान हलवली. मतदार पब्लिकपुढे त्यांना दुसरे काही हलवताही येत नाही. मग त्या जातिवंत कलावंताने शाल झटकली, डोळे वटारले आणि तीस वर्षांपूर्वीचा आवाज काढला.

“सूर्य मावळायच्या आत ह्या गावातलं एकूण एक पोरगं माझ्या गाडीत पायजे! हाऽ हाऽ हाऽ!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मोठ्यांचा. पुढच्या रांगा तोवर मोकळ्या झाल्या होत्या. निर्भयतेच्या टोप्या पायऱ्यांपर्यंत सांडल्या. निर्भयतेच्या परीक्षेत पहिला आलेला मुलगा लाऊडस्पीकरच्या खोक्याआड सापडला. त्याला बाहेर काढायला त्याच्या आईने चॉकलेट, वडिलांनी धाक दाखवला आणि शेवटी दोघांनी मिळून खोके हलवले.

दादासो आत मेकअपच्या खोलीत येऊन बसले. फेटा सुटून खांद्यावर आला होता. मी नारळ घेऊन मागे गेलो, कारण नारळ मंचावरच राहिला होता. खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर संघप्रिया बसली होती, पोट धरून. शेजारी अतुलराव भाषणाची चार पाने घेऊन उभे.

“काय गं, तू न्हाय पळालीस?” दादासोंनी विचारले.

“पोटात दुखतंय. पळाया येत न्हाय.”

“माझं भ्या वाटत न्हाय?”

“तुमचं कशाला? तुमास्नी शेवटी सगळीच मारत्यात की.”

दादासो हसले. चित्रपटातले नव्हे, साधे घरगुती हसू होते. मी तरी ते पहिल्यांदाच पाहिले. “व्हय की. छत्तीस येळा मेलोय मी.”

“मग भ्या वाटायचं न्हाय?”

“वाटायचं की. मरायचं न्हाय, डायलॉग चुकायचं. हरेक शॉटच्या आधी पोटात कळ यायची. कॅमेऱ्यामागं जाऊन उकिडवा बसायचो.”

“खरं?”

“आईशपथ. आजबी आलती. आता तू सांग, तुला कशाचं भ्या वाटतंय?”

मी घड्याळ दाखवले. प्रात्यक्षिक मंचावर व्हायचे होते, खोलीत नव्हे. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

“बोर्डाचं,” संघप्रिया म्हणाली. “माझा नंबर न्हाय आला तर मी खोटं ठरणार. सगळ्यांनी माझा फोटो बघितलाय. आणि त्यावर पप्पांचं नाव हाय.” आणि ती रडू लागली, आवाज न करता, सवय असल्यासारखी.

(या उत्तरात ‘मनोव्यापार’ हा शब्द एकदाही आला नाही, हे मी नमूद करतो.)

अतुलराव तिच्यापुढे खाली बसले. चार पानांची घडी केली, तिची आणखी घडी केली. “बाळ, मला चौथीत शिष्यवृत्ती मिळाली तवा माझं नाव कुठंच लागलं नव्हतं. तुझ्या आज्जाला महिन्यानं कळलं. तेबी दुसऱ्या हमालानं सांगितलं म्हणून.”

संघप्रियाने डोळे पुसले. “बरं हुतं की मग,” ती म्हणाली.

अतुलराव उठले आणि म्हणाले, “चला.”

“कुठं?” मी विचारले. “प्रात्यक्षिक हाय अजून!”

“चौकात,” ते म्हणाले. दादासोंनी फेटा पुन्हा डोक्यावर बसवला.

पुढची हकिगत मला चौकातल्या पानवाल्याने सांगितली. कार्यक्रम सोडून जाणे मला शक्य नव्हते. पुढे संघप्रिया उभी, मध्ये अतुलराव, मागे फेटा, शाल आणि नारळ यांसह दादासो, असे तिघे एका स्कूटरवरून आले. (वाहतूक नियमांचा भंग.) दादासो उतरले आणि त्या वयात बोर्डाच्या बांबूवर चढू लागले. गर्दी जमली. “शूटिंग हाय काय वं?” कोणीतरी विचारले. अतुलराव म्हणाले, “व्हय.” माझ्या माहितीप्रमाणे तो माणूस त्याआधी कधी खोटे बोललेला नाही. शूटिंग म्हटल्यावर कोल्हापुरात कोणी मागे राहत नाही. एकाने शिडी आणली, एकाने कोयता, पानवाल्याने दिवे लावले.

चौकातली पोरे मात्र टपरीमागे दडली होती. तेव्हा ही भाषणाला घाबरलेली मुलगी स्कूटरवर चढून ओरडली, “या की बाहीर! काय करत न्हाय त्यो! लई भित्रा हाय! आधी त्या कोपऱ्याची दोरी धरा!”

एक आले. मग चार आली. मग सगळी दोरीला लोंबकळली. पहिला बोर्ड खाली आला, दुसरा खाली आला, आणि बांबूवर बसलेले दादासो एवढे हसत होते म्हणे, की त्यांना उतरवायला पुन्हा शिडी लावावी लागली. खाली उतरल्यावर पोरांनी त्यांचा फेटा ओढला, मिशा खऱ्या आहेत का ते पाहिले. त्या दिवशी संघप्रियाने रस्त्यावरच्या गाड्यावर दोन भेळी खाल्ल्या आणि पोटाचा विषय काढला नाही.

दोन्ही बोर्ड सध्या कळंब्याला दादासोंच्या गोठ्यावर आहेत, गळतीसाठी. ‘जिल्ह्यात प्रथम येणारी’ या अक्षरांखाली चार म्हशी रवंथ करत उभ्या असतात आणि त्यांच्यावर कसलाही ताण दिसत नाही. मंडळाच्या मालमत्तेच्या अपहाराबद्दल प्रमुख पाहुण्यांच्या निषेधाचा ठराव आम्ही केला आहे. त्यांना त्याची प्रत दिली तेव्हा त्यांनी आम्हाला धारोष्ण दूध पाजले.

कार्यक्रम अर्थात पूर्णपणे यशस्वी झाला. प्रमुख पाहुणे आणि चिंताग्रस्त बालिका या दोघांच्याही अनुपस्थितीत प्रात्यक्षिक पार पडले. रिकाम्या खुर्चीला हार घालून, बालिकेची चिंता दूर झाल्याचे मी स्वतः जाहीर केले. टाळ्या पडल्या. शेवटच्या पाहणीत सभागृहात एकही चिंताग्रस्त मूल आढळले नाही. (एकही मूल आढळले नाही.)

फेब्रुवारीत परीक्षा झाली, उन्हाळ्यात निकाल लागला. ही हकिगत मी पुष्कळ लोकांना सांगितली आहे. शिकलेले, समंजस, मुलांवर ताण टाकू नये असे मनापासून मानणारे लोक. बोर्डाच्या जागी ते हसतात, दादासोंच्या जागी डोळे पुसतात आणि शेवटी सगळे एकच प्रश्न विचारतात. पोरगी आता रात्री झोपते का, हा नव्हे. तुमच्याही ओठांवर तोच आला असेल. लाजू नका, आमच्या समितीला सवय आहे. तीनशेपैकी दोनशे एकोणचाळीस. आता हा आकडा वाचल्याबरोबर तुम्ही आपल्या घरातल्या पोराचा आकडा शेजारी मांडून मनातल्या मनात जी वजाबाकी केलीत, तिच्याशी मात्र मंडळाचा काही संबंध नाही. ती तुमची तुम्ही केलीत.